नलूने ठेवलेलं नाव

इराचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. मीटिंग म्हणजे जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, त्यात चार चेहरे, आणि मेलबर्नच्या टोकाला क्रेगीबर्नच्या पलीकडे उभ्या राहणाऱ्या नव्या वसाहतीतल्या गल्ल्यांना कुठल्या पक्ष्यांची नावं द्यायची यावर गंभीर चर्चा. मी इथल्या कौन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत काम करते, नव्या रस्त्यांची नावं तपासणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. "हे नाव शेजारच्या वसाहतीत आधीच आहे, अँब्युलन्सचा घोटाळा होईल," असं काहीतरी मी सांगत होते. फोन थरथरला. माइक बंद करून उचलला. "मावशी," इरा म्हणाली, "शी इज गॉन. आत्ताच." पडद्यावरचे चौघं माझ्या उत्तरासाठी खोळंबले होते. त्यातला एक जण म्हणाला, "माधवी, यू आर ऑन म्यूट."

इराची आई म्हणजे डॉक्टर नलिनी साठे, माझी पुण्यातल्या कॉलेजातली मैत्रीण नलू. ती क्लेटनला राहायची, युनिव्हर्सिटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी शहराच्या उत्तर टोकाला, ती आग्नेयेला. एरवी तासाभराचा रस्ता. पण महामारीच्या त्या दुसऱ्या हिवाळ्यात मेलबर्न परत एकदा बंद होतं आणि घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची सोय नव्हती. हॉस्पिटलात एकाच माणसाला आत घेत होते. ते माणूस अर्थातच इरा. अंत्यसंस्काराला दहाजणांना परवानगी होती, त्यात इराने माझं नाव घातलंही होतं. पण नेमका त्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याला कोविड झाला आणि आम्ही घरात कोंडले गेलो. नलूला निरोप मी लॅपटॉपवरून दिला. कॅमेरा फुलांच्या एका गुच्छावर अडकून बसला होता. इरा बोलत होती तेव्हा आवाज तुटत होता. शेवटी पडद्यावर लिहून आलं, की प्रक्षेपण संपलं आहे.

गेलेल्या माणसावर लिहिताना हळवं व्हावं अशी रीत आहे. मला ते जमत नाहीये. मला राग येतोय, आणि तो नेमका कुणावर काढावा हे कळत नाहीये म्हणून जास्त येतोय.

पुण्यात आम्ही दोघी भूगोलाच्या एमएला होतो. भूगोल घेतला म्हणजे दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नाही असं लोक धरून चालायचे. माझ्या बाबतीत ते खरं होतं, नलूच्या बाबतीत नव्हतं. पहिल्याच वर्षी आमची सहल सह्याद्रीत गेली होती. सर एका कड्यावर उभे राहून समोर हात फिरवत म्हणाले, "ऑल धिस इज अ व्हॅली." नलूने हात वर केला. "सर, कुठलं? ही पायाखालची घळ आहे. ती समोरची खिंड. पलीकडे दिसते ती दरी, आणि हे सगळं पाणी जिथे जातं ते खोरं. चारही जागांना एकच शब्द लावला तर कोण कुठं हे कळणार कसं?" सर म्हणाले, "साठे, पेपर इंग्रजीत आहे." सगळा वर्ग हसला. नलू हसली नाही. खाली उतरेपर्यंत ती माझ्याशी त्यावरच भांडत होती, जणू सरांच्या ऐवजी मीच ते बोलले होते.

पुढे ती पीएचडीसाठी इकडे आली. मी बऱ्याच वर्षांनी आले, नवऱ्याच्या स्किल्ड व्हिसावर, भूगोल केव्हाच माळ्यावर टाकून. तोपर्यंत तिचा संसार मोडला होता, इराचे बाबा सिंगापूरला निघून गेले होते, आणि नलू दर एक-दोन उन्हाळ्यांनी दक्षिण ध्रुवाकडे जायला लागली होती. होबार्टहून जहाज, पुढे हेलिकॉप्टर, मग तंबू. तेवढे दिवस इरा माझ्याकडे असायची. मेलबर्नच्या मराठी मंडळींत नलू कुठेही गेली की पहिला प्रश्न ठरलेला, "पेंग्विन पाहिलेस का गं?" ती वैतागायची. "पेंग्विन समुद्राकाठी असतात. मी आत असते, दगडांत." तिचा विषय दगडच होता. बर्फ मागे सरकला की खालचे दगड उघडे पडतात. ते कधीपासून उघडे आहेत हे शोधलं, की बर्फ कधी आणि किती वेगाने मागे गेला ते कळतं. मला हे तिने एकदा स्वयंपाकघरात कणकेचा गोळा आणि शेंगदाणे घेऊन समजावलं होतं. तिला काहीही समजावून सांगता यायचं. ऐकणाऱ्याने पेंग्विनचं नाव मात्र काढायचं नाही.

ती दरी तिला तिसऱ्या की चौथ्या खेपेला सापडली. सापडली हा शब्द तिला आवडायचा नाही. "ती तिथेच होती, माधवी. आपण उशिरा पोचलो." नकाशावर त्या जागी नुसती कोरी पट्टी होती, कारण जुन्या हवाई छायाचित्रांत नेमकी तिथे कड्याची सावली पडली होती. एका बाजूला बर्फाचं अफाट पठार, ते एका उंच पायरीशी येऊन थांबतं. त्या पायरीच्या खाली, दुसऱ्या बाजूच्या डोंगराच्या आड, ही लांबट, अरुंद, कोरडी जागा. बर्फ नाही, हिरवं काही नाही, दगडांवर कुठे कुठे शेवाळासारखे डाग, आणि टोकाला एक खारट तळं, जे इतकं खारट आहे की तिथल्या थंडीतही पुरतं गोठत नाही. पठारावरून जो वारा सुटतो तो माणसाला उभं राहू देत नाही. तो वारा या पायरीवरून उडी मारून वरच्या वर निघून जातो. खाली शांत. नलू आणि तिचे दोन सहकारी दिवसभर वाऱ्याशी झगडून तिथे उतरले आणि एकदम कानांतला आवाज थांबला. "टोप्या काढून बसलो गं," ती सांगत होती. "मी पिशवीतला चिवडा काढला. हातावर घेतला. एक पोहा उडाला नाही."

तिथेच तिने त्या जागेला नाव दिलं. पडवी. घर बर्फाचं, त्याला लागून ही पडवी, वाऱ्यापावसातून आलेल्याने टेकायची जागा. तिच्याबरोबरच्या दोघा ऑस्ट्रेलियन मुलांना तिने पडवी म्हणजे काय ते सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते वायरलेसवरसुद्धा "वी आर ॲट पडवी" म्हणायला लागले. मी तिला चिडवलं, "तुम्ही दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये वाढलात. तुमच्या घराला कुठली आली पडवी?" ती म्हणाली, "म्हणूनच मिळाली तेव्हा ओळखली."

ते नाव अधिकृत व्हावं म्हणून तिने अर्ज केला, आणि तिथून सगळा वैताग सुरू झाला. त्या खंडावर कुणाची मालकी नाही म्हणतात, पण नावं देण्याची हौस सगळ्यांना आहे. एकाच टेकडीला दोन देशांच्या नकाशांवर दोन नावं सापडतात. प्रत्येक देशाची आपली समिती, तिचे आपले नियम. नलूचा अर्ज गेला तो महामारीच्या आधी. मग महामारी आली, बैठक पुढे ढकलली गेली. परत ढकलली गेली. मग विचारणा आली, की दरीची हद्द नेमकी कुठून कुठवर, पुन्हा आखून द्या. तोवर नलूच्या स्वादुपिंडात गाठ निघाली होती आणि केमो सुरू झाली होती. तिने उशा रचून, मांडीवर लॅपटॉप घेऊन हद्द आखली. मग दुसरी विचारणा आली. कुणीतरी इंटरनेटवर शोधलं होतं आणि त्यांना असं दिसलं होतं, की हे भारतातलं एक आडनाव आहे. आपण कुणा व्यक्तीचा गौरव करू पाहता आहात काय? नलूने मला फोन केला. आधी खूप हसली, मग दम लागून थांबली. "अगं, ते पाडवी. हे पडवी. आता इंग्रजीत काना कुठून आणू मी?" मग तिने त्यांना व्यवस्थित खुलासा पाठवला, घराचं रेखाचित्र काढून. पोच आली, उत्तर नाही.

मी तिला माझ्या ऑफिसातल्या गमती सांगायचे. बिल्डर लोक शेताचा नुसता तुकडा विकत घेतात आणि रस्ता व्हायच्या आधी त्यांची नावं आमच्याकडे येऊन पडतात, आठवड्याभरात आम्ही शिक्काही मारतो. ती म्हणायची, "बघ, तुझ्याकडे रस्ता नाही पण नाव आहे. माझी दरी माणूस जन्माला यायच्या आधीपासून तिथे आहे, आणि तिच्यासाठी यांना एक झूम कॉल जमत नाही."

आमची शेवटची भेट दोन लॉकडाउनच्या मधल्या फटीत झाली. तिच्या मागच्या अंगणात, उन्हात खुर्च्या टाकून. ध्रुवावर नेत असे ते जाड लाल जाकीट तिने घातलं होतं आणि त्यात ती इतकी लहान दिसत होती, की मी आधी इकडचं तिकडचंच बोलत राहिले. तिने ते चालू दिलं नाही. "हे बघ," ती म्हणाली, "मी गेल्यावर हे लोक माझं नाव त्या दरीला द्यायचं म्हणतील. त्यांची पद्धतच आहे. जिवंत माणसाचं नाव सहसा देत नाहीत, मेलं की देतात. तू कौन्सिलवाली आहेस, तुला यांची भाषा येते. ते होऊ देऊ नकोस." मी म्हटलं, "अगं, पण वाईट काय आहे त्यात?" तर ती उसळलीच. "सगळा खंड माणसांच्या नावांनी भरलाय, माधवी. ज्यांनी जहाजाला पैसे दिले ते, ज्यांनी सही केली ते मंत्री, जिने बोटीत पाय ठेवला नाही ती राणी. त्या जागा कशा आहेत हे त्या नावांवरून कुणाला कळतं? तिकडे वाऱ्यात सापडलेल्या माणसाला साठे ऐकून काय कळणार? पडवी म्हटलं तर निदान एकाने विचारावं, म्हणजे काय? आणि कुणीतरी सांगावं, की इथे खाली उतर, इथे वारा लागत नाही." एवढं बोलून ती दमली. इरा आतून शाल घेऊन आली. "आई, इनफ," ती म्हणाली. इरा सत्तावीस वर्षांची आहे. आईशी मराठीत सुरुवात करून इंग्रजीत संपवायची तिची सवय.

नलू गेल्यावर तीन आठवड्यांच्या आत समितीतल्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांना इथे ग्रॅहम म्हणते. नलूने अर्जात दुसरा संपर्क म्हणून माझं नाव दिलं होतं. आवाज अतिशय मऊ, माणूस अतिशय सज्जन. समितीची खास बैठक झाली, म्हणाले. जी बैठक दोन वर्षं होत नव्हती ती झाली होती. सगळ्यांचं एकमत, दरीला साठे व्हॅली नाव द्यावं. मी म्हटलं, तिला ते नको होतं. पडवी हवं होतं. "इट्स अ लव्हली वर्ड," ग्रॅहम म्हणाले, "पण लोक विचारतील, त्याचा अर्थ काय."

"मग सांगा त्यांना. तिने चित्र काढून पाठवलंय."

"माधवी, आपण सगळेच तिचा सन्मान करू इच्छितो."

"सन्मान करायचा तर तिचं ऐका ना."

मग ते म्हणाले, कुटुंबाची संमती लागेल, कुटुंबाने नको म्हटलं तर अर्थातच प्रश्न मिटला, नो वरीज. मी फोन ठेवला तेव्हा मला वाटलं, मिटलाच प्रश्न.

कुटुंब म्हणजे इरा, आणि पुण्यातला नलूचा मोठा भाऊ, वसंतदादा. मी काही बोलायच्या आत दादांचाच व्हिडिओ कॉल आला. त्यांना बातमी कळली होती आणि ते इतके खुशीत होते, की मला तोंड उघडायला वेळ लागला. नातेवाइकांच्या ग्रुपवर त्यांनी कळवूनही टाकलं होतं. मी नलूचं म्हणणं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "माधवी, माझ्या बहिणीचं नाव जगाच्या नकाशावर येतंय, आणि तू नको म्हणतेस?"

"मी नाही दादा, ती म्हणाली."

"ती असंच म्हणायची सगळ्याला. वाढदिवस नको, सत्कार नको." मग त्यांचा आवाज बदलला. त्या उन्हाळ्यात पुण्यातल्या लाटेत ते स्वतः ऑक्सिजनवर होते, कसेबसे घरी आले होते. ऑस्ट्रेलियाची दारं बंद होती, विमानं नव्हती. "मला तिला शेवटचं बघता आलं नाही गं. तुम्ही तिथे असून तुम्हाला जाता आलं नाही, तर माझं काय सांगू? आता निदान नकाशावर बघू दे. पडवी म्हणून बघून मला काय कळणार, की ही आपली नलू?"

मी कॉल बंद केला, आणि त्याचाही राग आला. ज्यांच्याशी भांडायचं ते सगळे भले लोक असले की भांडणं फार कठीण जातं. मी समितीला मोठी हरकत लिहून पाठवली, त्यांच्याच नियमांचा आधार घेऊन. जागेचं वर्णन करणारं नाव, प्रत्यक्ष वापरात असलेलं नाव, मूळ अर्जदाराचा अर्थ स्पष्ट... माझ्या नोकरीतली सगळी विद्या मी त्यात ओतली. इराला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, मला विचार करू दे. आय डोन्ट नो." मी तिला तो करू दिला. आईचं बोलणं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, तेव्हा मला खात्री होती.

वसंत ऋतू संपता संपता समितीची मेल आली. नाव मंजूर. साठे व्हॅली. कन्येच्या संमतीने. खाली नोंदीत एक ओळ होती, की तिथे काम करणाऱ्या तुकडीत ही जागा 'पावडी' या नावाने ओळखली जात असे, भारतीय भाषेत अर्थ पोर्च. पावडी! मी तिथल्या तिथे दुरुस्ती पाठवली. अजून उत्तर नाही. आणि साठेचं म्हणाल तर ग्रॅहमसकट तिथला प्रत्येक माणूस त्याचा उच्चार सेथ करतो. नलूचं नाव लावलं तेही धड नलूचं राहिलं नाही.

तोपर्यंत शहर उघडलं होतं. मी शनिवारी गाडी काढली आणि थेट क्लेटनला गेले. इतक्या महिन्यांनी रिंगरोडवर गाड्या बघून बरं वाटायला हवं होतं. मी तासभर मनातल्या मनात इराशी भांडत होते. दार उघडल्याबरोबर तिने मिठी मारली, तीही आधी बिचकत, कारण आपल्याला आता मिठी मारायची परवानगी आहे की नाही हे दोघींनाही पटकन आठवेना. घरात खोकी पडली होती. काही भरलेली, बरीचशी रिकामी. मी थेट विषयाला हात घातला. "तू हो का म्हणालीस?" मी विचारलं. "तुझ्यासमोर सांगितलं होतं तिने."

इरा खोक्यावर बसली. "मला माहितीये. शी वुड बी सो क्रॉस विथ मी." मग मराठीत म्हणाली, "पण मावशी, ती दरी तिला माहिती होती. मला नाही. मी कधी जाणार पण नाही तिथे. मला तिचं नाव कुठेतरी हवं होतं... समव्हेअर दॅट डझन्ट मेल्ट." आणि मग, "पडवी तिचं होतं. साठे माझ्यासाठी आहे. इज दॅट टेरिबल?"

मला हो म्हणायचं होतं. वाटेत सगळी वाक्यं जुळवून झाली होती. त्याऐवजी "चहा करते" म्हणून मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. गॅसवर नलूची जुनी, पोचे पडलेली ॲल्युमिनियमची केटल होती. उचलली तर जड लागली. भरलेली होती.

"डोन्ट," इरा दारातून म्हणाली. "प्लीज. ती ओतू नकोस."

नलू रोज झोपायच्या आधी केटल भरून ठेवायची. तंबूत तसं करावं लागतं, तिने मला सांगितलं होतं. सकाळी नुसता बर्फ वितळवायला गेलं तर भांडं करपतं, तळाशी थोडं पाणी लागतं. म्हणून संध्याकाळीच भरून ठेवायची, रात्रीत गोठली तरी चालेल, सकाळी उठून तशीच स्टोव्हवर चढवायची. क्लेटनमध्ये नळ हाताशी होता. तरीही ती सवय गेली नाही. हॉस्पिटलात दाखल व्हायच्या आदल्या दिवशीही तिने ती भरली होती, इराने धरून उभं केलं तेव्हा. तेव्हापासून केटल तिथेच होती. मी झाकण उचलून पाहिलं. पाणी बोटभर खाली गेलं होतं आणि कडेला क्षारांची पांढरी रेघ उमटली होती. झाकण परत लावलं आणि केटल होती तशी ठेवली.

"मग तू इतके दिवस चहा कसा करतेस?" मी विचारलं.

"मायक्रोवेव्हमध्ये," इरा म्हणाली.

तिने दोन मग काढले, नळाखाली भरले आणि आत ठेवले. मायक्रोवेव्हचा चहा वाईट होतो, त्यात चहाला रंग येतो पण चव येत नाही. आम्ही दोघींनी तो ओट्याला टेकून, उभ्या उभ्या संपवला.